दारामागचा तक्ता

गेल्या महिन्यांत सोलापूरकडील एका भगिनींचें चार पानी पत्र आलें. तें दोन बैठकींत लिहिलेलें असावें, कारण मध्येंच शाईचा रंग बदलला आहे. त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलाचें वजन ६८ किलो झालें आहे. घर मोठें आहे. आजी, काका, काकू, आत्या अशीं सारीं माणसें एकत्र राहतात, आणि जो तो येतां-जातां त्या मुलाला कांहीं तरी बोलतो. मुलगा सर्वांदेखत अर्धी पोळी खाऊन उठतो आणि सकाळीं पाहावें तों फडताळांतला डबा रिकामा. "ह्याचें रात्रीचें जेवण बंद करूं काय? आठवड्यांतून दोन उपवास धरावयास लावूं काय? आपण शिक्षक होतां, शेंकडों मुलें आपल्या हाताखालून गेलीं, आपण सांगाल तसें करीन," असा पत्राचा शेवट आहे.

हें पत्र दोन वर्षांपूर्वीं आलें असतें तर मीं परतटपालीं उत्तर दिलें असतें. उपवास सांगितला असता, वर एक सुभाषित जोडलें असतें, आणि पुढच्या पत्राकडे वळलों असतों. ह्या खेपेस महिना गेला. बाई ज्या गोष्टीबद्दल विचारतात ती मध्यंतरीं आमच्याच घरांत घडली, आणि तिच्या मुळाशीं बऱ्याच अंशीं मीच होतों. नातीची आणि तिच्या आईची परवानगी घेऊन लिहीत आहें. नातीनें दोन अटी घातल्या : तिचें नांव येतां कामा नये, आणि 'बिचारी' हा शब्द पुन्हां कोठेंहि येतां कामा नये. दोन्ही पाळतों.

आम्ही दिव्यास राहतों. मुंब्रा मागें पडलें कीं येणारें हें जंक्शन. येथून एक फांटा वसईकडे व एक पनवेलकडे जातो, आणि गांवचीं बहुतेक कर्तीं माणसें तिसऱ्याच दिशेस, म्हणजे मुंबईकडे, पोटासाठीं धांवतात. २०१६ च्या डिसेंबरांत कांहीं जलद गाड्या येथें थांबूं लागल्या, परंतु गर्दी हटली असें कोणी म्हणणार नाहीं. आम्ही दोघे भाऊ, आमचीं कुटुंबें, मुलें, सुना, नातवंडें मिळून अकरा माणसें एका मजल्यावरील शेजारच्या दोन बिऱ्हाडांत राहतों. मधलें दार दिवसभर उघडें असतें. घरांत पंगत म्हणून राहिलेली नाहीं. एक सकाळीं सहाला डबा घेऊन निघतो, दुसरा रात्रीं दहाला येतो, मुलें शिकवणीच्या वेळा सांभाळून उभ्या-उभ्या खातात. पूर्वीं आमच्या घरीं देवाला नैवेद्य दाखविल्याशिवाय पान मांडीत नसत. आतां रेल्वेचें वेळापत्रक पाहून कुकर लावतात.

नात लहानपणापासून गुबगुबीत. तिला घरांत सर्व 'लाडू' म्हणत. नांव प्रेमानें ठेवलें होतें, आणि ती हांकेला ओ देई, म्हणून तिला तें आवडतें असें आम्हीं धरून चाललों. ती तेरा वर्षांची झाली तेव्हां आमच्या चुलत सुनेच्या माहेरच्या एका लग्नांत कोणी तरी तिच्या आईला म्हणालें, "हिला आतां आवरा हो, पुढें जड जाईल." तें वाक्य घरीं आलें आणि राहिलें. मग मीं मनावर घेतलें. शिस्त म्हणजे माझा प्रांत! स्वयंपाकघराच्या दाराच्या मागच्या बाजूस मीं एक तक्ता आंखला. डाव्या बाजूस नातवंडांचीं नांवें, वर रविवारच्या तारखा. दर रविवारीं स्नानानंतर सर्व मुलांस वजनकांट्यावर उभें करावयाचें, आंकडा मोठ्यानें वाचावयाचा, आणि तो लिहावयाचा. उतरलें तर शाबासकी, चढलें तर मौन. माझें मौन काय असतें हें माझे जुने विद्यार्थी सांगतील.

२०२४ च्या जून महिन्यांत नातीच्या नांवापुढें ६२ हा आंकडा आहे. आषाढापासून तो उतरूं लागला. तिनें आषाढी एकादशी धरली, मग सर्व एकादश्या, संकष्ट्या, श्रावणांतले सोमवार, शनिवार. नवरात्राचे नऊ दिवस तर ती फळांवर होती. आणि ह्या आजोबांस आनंदाचें भरतें आलें! आजच्या काळांत चौदा वर्षांची मुलगी आपण होऊन चातुर्मास पाळते, हें मीं शेजाऱ्यांस बोलावून सांगितलें. वजन पन्नासाखालीं आलें त्या रविवारीं मीं तिला १०१ रुपये आणि एक कोश बक्षीस दिला. कोशावर सही करून दिनांक घातला आहे. तो कोश मीं अलीकडे परत मागून घेतला.

आमच्या सौभाग्यवतींना मात्र संशय आला होता. "पोर सगळ्यांना वाढते, स्वतः खात नाहीं," असें त्या दोनदां म्हणाल्या. मीं तें गुण म्हणून घेतलें. खरोखर ती त्या दिवसांत स्वयंपाकघरांतच असे. पाककृतींच्या वह्या उतरवी, फोनवर पाकक्रिया पाही, आम्हां सर्वांस आग्रह करकरून शंकरपाळे खाऊं घाली, आणि स्वतः एका पोळीचे नखाएवढे तुकडे करून अर्धा तास चघळीत बसे. अभ्यास उभ्यानें करी. चार मजल्यांचा जिना विनाकारण चढे-उतरे. ऑक्टोबरच्या उकाड्यांत, आम्ही सर्व पंख्याखालीं घामानें निथळत असतांना, तिच्या अंगावर लोंकरी जाकीट असे. न्हाणीघराच्या जाळीवर केंस सांपडूं लागले. तिचा मासिक धर्म दोन-तीन महिने आला नव्हता, हें तिच्या आईस ठाऊक होतें, पण ह्या वयांत असें होतें अशी तिनें समजूत घातली. पुढें दिवाळी आली. फराळाचा एक अख्खा डबा एका रात्रींत संपला. दुसऱ्या रात्रीं न्हाणीघराचा नळ बराच वेळ चालू राहिला, आणि नळाच्या आवाजाखालीं दुसराहि एक आवाज सौभाग्यवतींनीं ऐकला.

नोव्हेंबरांत ती शिकवणीहून ठाण्याहून येतांना दिवा स्थानकाच्या पुलावर भोंवळ येऊन पडली. अनोळखी बायांनीं तिला धरलें, पाणी पाजलें, घरीं फोन केला. त्यांचे आभार मानावयास आम्हांस त्यांचीं नांवेंहि ठाऊक नाहींत.

पहिल्या डॉक्टरांनीं तिला कांट्यावर उभें केलें, उंची मोजली, पुस्तकांतील रेघ पाहिली आणि म्हणाले, "वजन अगदीं योग्य आहे. छान उतरवलेंस! थोडा अशक्तपणा आहे, टॉनिक देतों." सत्तेचाळीस किलो, उंची १५६ सेंटिमीटर, पुस्तकाप्रमाणें त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनीं वजन किती आहे हें विचारलेंच नाहीं, "किती होतें?" असें विचारलें. मुलानें फोनमध्यें काढलेलें माझ्या तक्त्याचें चित्र दाखविलें. त्यांनीं तें बोटानें मोठें करून पाहिलें, पांच महिन्यांत पंधरा किलो म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा गेला असें मनाशीं मोजलें, मग मुलीला निजवून नाडी पाहिली. ती मिनिटास ४६ भरली. "आज घरीं नेतां येणार नाहीं," त्या म्हणाल्या. माझ्या तक्त्यानें जन्मांत केलेलें उपयुक्त काम तें एवढेंच.

आहाराच्या विकृतींचा हा विषय नवा नाहीं. लंडनचे सर विल्यम गल आणि पॅरिसचे लासेग ह्या दोन वैद्यांनीं १८७३ सालीं, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, तरुण मुलींतील आत्मोपोषणाच्या ह्या रोगाचें वर्णन केलें. गल ह्यांनीं रूढ केलेलें 'अनोरेक्सिया नर्व्होसा' हें नांव मात्र फसवें आहे. अनोरेक्सिया म्हणजे क्षुधेचा अभाव. आपल्या वैद्यकांतला 'अरोचक' त्याच्या जवळचा. परंतु ह्या रोग्याला भूक नसते असें नाहीं. भूक प्रचंड असते आणि ती दाबण्यांत त्याचा सारा दिवस जातो. दुसरा प्रकार, अनावर खाऊन मग ओकून टाकण्याचा, लंडनच्याच जेराल्ड रसेल ह्यांनीं १९७९ सालीं वेगळा काढला व त्यास 'बुलिमिया नर्व्होसा' म्हटलें. बुलिमिया हा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ बैलभूक. (आपण भीमाला वृकोदर म्हणतों, ग्रीकांनीं लांडग्याऐवजीं बैल घेतला.) तिसरा प्रकार ओकणें नाहीं, उपास नाहीं, केवळ ताबा सुटून खाण्याचा. त्याला २०१३ सालीं अमेरिकन मानसरोगतज्ज्ञांच्या वर्गीकरणांत स्वतंत्र स्थान मिळालें. त्याच वर्षीं त्यांनीं हेंहि मान्य केलें कीं रोगी हाडांचा सांपळा दिसत नसला, वजन 'योग्य' असलें, तरी अनोरेक्सियाचीं बाकीचीं सर्व लक्षणें व सर्व धोके त्यास असूं शकतात. मेयो क्लिनिक ह्या अमेरिकेंतील प्रसिद्ध रुग्णालयाच्या तज्ज्ञांनीं २०१३ मध्यें अशाच दोन मुलांची हकीगत प्रसिद्ध केली. दोघेंहि पूर्वीं लठ्ठ होतीं. वजन उतरतें आहे ह्याच आनंदांत आसपासच्या मंडळींस, आणि वैद्यांसहि, त्यांचा रोग फार उशिरां दिसला. तें वाचून मला आमचा तक्ता आठवला.

लठ्ठपणा आणि उपासमार हे आपण दोन विरुद्ध टोंकांचे रोग समजतों. ते एकाच अंगणांत खेळणारे सख्खे भाऊ आहेत हें मला एका जुन्या प्रयोगानें पटलें. १९४४-४५ सालीं, महायुद्धानें उपाशी पडलेल्या युरोपास पुन्हां अन्नावर कसें आणावें हें शिकण्यासाठीं, मिनेसोटा विद्यापीठांत अँसेल कीज ह्यांनीं ३६ निरोगी तरुण निवडले. शस्त्र धरावयास सदसद्विवेकानें नकार दिलेले हे तरुण स्वेच्छेनें आले होते. त्यांस चोवीस आठवडे अर्धपोटीं ठेवलें. बटाटे, सलगम, पाव असें अन्न. वजनें सुमारें चौथ्या हिश्श्यानें उतरलीं. बारीक व्हावें अशी त्यांची मुळींच इच्छा नव्हती. तरीहि ते अन्नाचे बारीक तुकडे करूं लागले, एका जेवणावर तास-तास रेंगाळूं लागले, ताटल्या चाटूं लागले, पाककृतींचीं पुस्तकें जमवूं लागले. उबदार हवेंतहि त्यांस थंडी वाजे. स्वभाव चिडखोर झाले. आणि बंधन सुटल्यावर त्यांतील कित्येक पोट फुटेस्तोंवर खात, तरी भूक भागली असें त्यांस वाटेना. शंकरपाळे तळणारी, जाकीट घालून बसणारी माझी नात मला त्या वर्णनांत ओळीओळींत दिसली. जो हट्ट आम्ही मुलीचा समजत होतों तो पुष्कळसा उपासमारीचा होता.

आपल्या म्हाताऱ्या मंडळींस हें ठाऊक नव्हतें असें नाहीं. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपण हंसण्यासाठीं वापरतों. पण ती शरीरधर्माचें अचूक निदान आहे. दडपलेली भूक व्याजासह वसूल करते. मिनेसोटांतच पुढें डायान न्यूमार्क-स्टेनर ह्या विदुषींनीं हजारों शाळकरी मुलामुलींचा वर्षानुवर्षें माग ठेवला. त्यांत २००६ सालीं असें निघालें कीं जीं मुलें वजन उतरविण्यासाठीं 'डाएट' करीत होतीं, तींच पांच वर्षांनीं इतरांपेक्षां अधिक लठ्ठ झालीं होतीं, आणि अनावर खाण्याचें प्रमाणहि त्यांच्यांतच जास्त होतें. म्हणजे सोलापूरचा तो मुलगा सर्वांदेखत अर्धी पोळी खाऊन उठतो आणि रात्रीं डबा संपवितो, ह्या दोन गोष्टी नव्हेत. डबा हें अर्ध्या पोळीचें उत्तर आहे. त्यास चोरी म्हणूं नये.

येथें मला माझ्या विद्येचा हिशेब द्यावयाचा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत 'अष्टौनिन्दितीय' नांवाचा एकविसावा अध्याय आहे. अति उंच, अति ठेंगणा, अति केंसाळ, केंसरहित, अति काळा, अति गोरा, अति स्थूल आणि अति कृश अशीं आठ शरीरें तेथें निंदित म्हणून सांगितलीं आहेत. 'निन्द्' धातूचें हें रूप मीं वर्गांत अनेकदां फळ्यावर सोडवून दाखविलें, आणि समोरच्या बांकावरील एका स्थूल मुलाकडे पाहून एकदां मिस्किलपणें हंसलों. वर्ग खो-खो हंसला, मुलगाहि हंसला. वर्षभर त्याला सर्वांनीं 'निंदित' म्हणून हांक मारली. तो आपला डबा रोज इतरांस वांटून टाकी. मीं त्याच्या औदार्याचें वर्गांत कौतुक केलें होतें!

त्याच अध्यायाचा पुढचा भाग मीं तेव्हां नीट वाचला नव्हता असेंच म्हटलें पाहिजे. चरक म्हणतो कीं स्थूल मनुष्याच्या शरीरांत मेदानें मार्ग अडलेला वायु कोठ्यांत फिरत राहून अग्नीला फुंकर घालतो. म्हणून त्यास अन्न लौकर पचतें, पुन्हां भूक लागते, आणि वेळ टळली तर त्याला दारुण विकार होतात. म्हणजे स्थूलाची भूक ही त्याची हावरी वृत्ति नसून त्याच्या रोगाचेंच अंग आहे, हें त्या आचार्यानें स्वच्छ सांगितलें. उपाय काय सांगितला? स्थूलास गुरु पण अपतर्पण अन्न द्यावें. पोटाला भरीव, परंतु पुष्टि न वाढविणारें. जव, मूग, कुळीथ ह्यांसारखें. आणि व्यायाम वाढवावयाचा तो क्रमाक्रमानें. उपाशी निजवा असें नाहीं. स्थूलापेक्षां कृश बरा, असेंहि तेथें एक वाक्य आहे. आम्हां लोकांच्या लक्षांत तेवढेंच राहतें.

जाडपणा निरुपद्रवी आहे असा ह्याचा कोणी अर्थ घेऊं नये. उलट आम्हां हिंदी लोकांस तो अधिक बाधतो, आणि हें दाखवून देण्यांत पुण्याचा वांटा मोठा आहे. केईएम रुग्णालयांतील डॉ. रंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्यांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट'मध्यें स्वतःचींच दोन चित्रें छापलीं. उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक दोघांचाहि २२.३, पण अंगांतील चरबी युडकिन ह्यांची शेंकडा ९.१ आणि याज्ञिकांची २१.२! ह्याच कारणानें, डॉ. वामन व डॉ. अनुराधा खाडिलकर ह्या पुण्याच्याच दांपत्याच्या कामावर उभे असलेले भारतीय बालरोग अकादमीचे २०१५ चे वाढीचे तक्ते आपल्या मुलांसाठीं विलायती मापापेक्षां खालची रेघ धरतात. प्रौढांच्या २३ व २७ ह्या निर्देशांकांशीं जुळणाऱ्या त्या रेघा आहेत. मुलाचें वजन पाहावयाचें तर तें ह्या तक्त्यावर, बालरोगतज्ज्ञाच्या खोलींत, चार वर्षांच्या ओघानें पाहावें. दर रविवारीं दारामागें नव्हे.

देशाचें चित्र म्हणावें तर २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण-पाहणींत दहा ते एकोणीस वर्षांचीं शेंकडा २४ मुलें कृश आणि ५ स्थूल आढळलीं. अजून कृशताच मोठी आहे. पण सर्व जगाचा हिशेब मांडून युनिसेफनें २०२५ च्या सप्टेंबरांत सांगितलें कीं शाळकरी वयांत अतिलठ्ठांची संख्या प्रथमच कृशांच्या पुढें गेली : शेंकडा ९.४ विरुद्ध ९.२. आपल्या ह्या मासिकाच्या वाचकांचीं घरें कोणत्या बाजूस मोडतात हें ज्यानें त्यानें आपलीं फडताळें उघडून पाहावें. शाळांच्या उपाहारगृहांत असले पदार्थ नकोत असा निर्णय महाराष्ट्र शासनानें २०१७ मध्यें काढला, शाळेच्या फाटकापासून ५० मीटरांच्या आंत ते विकूं नयेत असा केंद्राचा नियम २०२० मध्यें झाला. आमच्या गल्लींतील वडापावाची गाडी किती मीटरांवर आहे हें मीं मोजलेलें नाहीं. वास मात्र वर्गापर्यंत पोंचतो.

आणि हातांतला फोन. फिजी बेटांच्या एका भागांत १९९५ सालीं प्रथम दूरचित्रवाणी आली. तेथें भरलेलें अंग हीच शोभा मानीत. अ‍ॅन बेकर ह्या विदुषींनीं शाळकरी मुलींस विचारलें तेव्हां वजनासाठीं ओकून टाकणारी एकहि नव्हती. १९९८ सालीं त्यांचें प्रमाण शेंकडा ११.३ झालें होतें. तेथें एक पेटी, सर्वांसमोर. येथें प्रत्येकाच्या उशाखालीं एक. मुलग्यांसहि ह्यांतून सुटका नाहीं. आमच्या पुतण्याचा मुलगा दंडाचीं मापें घेतो आणि गच्चीवर जाऊन उकडलेल्या अंड्यांचा पांढरा भाग तेवढा खातो. त्याच्या आजीला वाटतें कीं तो तेथें संध्या करतो. मीं अद्याप सांगितलेलें नाहीं.

रुग्णालयांत नात अकरा दिवस होती. उपाशी देहास एकदम भरपेट वाढणें हेंहि घातक असतें, हें मला तेथें प्रथम कळलें. रक्तांतील फॉस्फरस एकाएकीं उतरून हृदयास धोका होतो, म्हणून अन्न मोजून वाढवीत नेतात. ओकण्यानें पोटॅशियम कमी होतें, तोहि धोका हृदयालाच. घरीं आल्यावरची चिकित्सा मात्र औषधाची थोडी आणि पंगतीची फार. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयांत १९८० च्या दशकांत ही रीत निघाली : रोग कोणी आणला ह्याची चौकशी बाजूस ठेवावयाची, आणि मूल सुधारेपर्यंत काय खावयाचें, किती खावयाचें हें आईबापांनीं ठरवून, जवळ बसून खाऊं घालावयाचें. डॉक्टरीणबाईंनीं आम्हां अकरा जणांकडे पाहिलें आणि विचारलें, "वाढणार कोण?" सर्वांनीं हात वर केले. त्या म्हणाल्या, "मग कठीण आहे." एकत्र कुटुंबांत बोलणारीं तोंडें दहा असतात. आम्हीं ठरविलें कीं वाढील ती फक्त तिची आई, जवळ बसेल तो बाप किंवा आजी, आणि बाकीच्यांनीं अन्न, अंग, वजन ह्यांवर चकार शब्द काढावयाचा नाहीं, स्तुतीहि नाहीं. 'आतां कशी छान भरलीस' ह्या एका वाक्यानें आमच्या वहिनींनीं तीन दिवसांचें काम पाण्यांत घातलें. त्या रडल्या. त्यांचा तरी काय दोष? आमच्या लहानपणीं तीच कौतुकाची भाषा होती. एकादशीचें मीं स्वतः सांगितलें : अल्पवयी व आजारी ह्यांना व्रतांत सूट आहे, आणि देवाला तुझी साखर-पोळी चालते.

कोसलाचा राजा प्रसेनजित् ह्याची गोष्ट बौद्ध ग्रंथांत आहे. तो द्रोणभर भात खाई आणि धापा टाकी. बुद्धानें मिताहारावर एक वचन सांगितलें; तें राजानें एका मुलाकडून पाठ करविलें आणि आपल्या जेवणाच्या वेळीं म्हणावयास त्यास नेमलें. पुढें त्याचा आहार क्रमानें कमी झाला. ही गोष्ट मीं किती वर्षें सांगितली! त्यांत म्हणणारा मुलगा राजानें स्वतः नेमला होता, आणि त्याला त्याबद्दल तो पैसे देई, हें माझ्या ध्यानांत यावयास साठी उलटावी लागली. आमच्या घरांतल्या पोरांनीं आम्हांला कोणीं नेमलें होतें?

आतां सोलापूरच्या बाईंस. रात्रीचें जेवण बंद करूं नका. उपवास लावूं नका. मुलाला आपल्या बालरोगतज्ज्ञांकडे न्या, वाढीचा तक्ता काढवा. रक्तदाब, साखर, थायरॉइड ते सांगतील तें तपासा, आणि वजनाचा आंकडा मुलासमोर पुकारूं नका असें त्यांनाहि आधींच सांगून ठेवा. घरांतील खाणें बदलावयाचें तर सर्वांचें बदला. एकट्याच्या पानांत मुगाचें धिरडें आणि बाकीच्यांच्या पानांत साबुदाणावडा, हा न्याय मुलाला कळतो. बाटलींतलीं गोड पेयें आणि बिस्किटांचे पुडे घरांत आणूंच नयेत. आणल्यावर कुलूप लावण्यांत अर्थ नाहीं. न्याहारीपासून रात्रीपर्यंतचीं जेवणें वेळच्या वेळीं, पोटभर, आणि त्यांतलें निदान एक सर्वांनीं एकत्र बसून. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनें २०१६ सालीं लठ्ठपणा आणि आहारविकृति ह्या दोहोंवर एकच सल्ला दिला, तो ह्याच धर्तीचा आहे : डाएट नको, वजनाच्या गोष्टी नकोत, चिडवणें नको, एकत्र जेवण हवें. मुलाला खेळूं द्या. वजनासाठीं म्हणून नव्हे, खेळ म्हणून. तज्ज्ञांच्या देखरेखीखालीं लठ्ठपणाची चिकित्सा केल्यानें मुलांत आहारविकृति बळावत नाहीं, उलट बहुधा कमी होते, असें सिडनीच्या संशोधकांनीं २०१९ मध्यें अनेक प्रयोग एकत्र करून दाखविलें आहे. तेव्हां चिकित्सेस भिऊं नका. घरगुती शिस्तीस भ्या.

आणि तो जेवणानंतर लगेच न्हाणीघरांत जाऊं लागला, पंगत टाळूं लागला, वजन झपाट्यानें उतरूं लागलें, तर आनंद मानण्यापूर्वीं मानसरोगतज्ज्ञास दाखवा. जवळ कोणी नसेल तर सरकारचा 'टेलि-मानस' दूरध्वनि १४४१६ आहे. २०२२ पासून चालतो, विनामूल्य आहे, मराठींत बोलतां येतें. डब्याबद्दल मुलाला रागें भरूं नका. काकांस, आत्यांस एकदां एकत्र बसवून हें पत्र वाचून दाखवा, आणि मी सांगितलें म्हणून सांगा. म्हाताऱ्या मास्तराचें नांव वाईट झालें तरी हरकत नाहीं.

आमच्याकडे अजून संपलेलें नाहीं. नात शाळेंत जाते. मासिक धर्म पूर्ववत् झाला आहे. ओकणें चार महिन्यांत नाहीं असें तिची आई म्हणते. गेल्या रविवारीं थोरला मुलगा रात्रीं उशिरां आला तरी आम्हीं सर्व थांबलों आणि एकत्र बसलों. मी गाडीच्या गर्दीच्या गोष्टी काढीत होतों, कारण मला काम तेवढेंच नेमून दिलें आहे. तिला दुसरी पोळी संपवावयास चाळीस मिनिटें लागलीं. एक तुकडा तिनें वाटीखालीं सरकविला. आईनें पाहिलें, कांहीं न बोलतां दुसरा वाढला. ती त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि मग तिनें तो खाल्ला.

कांटा मीं भंगारवाल्यास दिला. तक्ता ओल्या फडक्यानें पुसला, पण तैलरंगानें आंखलेल्या रेघा तशाच आहेत. त्या खरवडण्यास सुतार बोलावला आहे. बाईंनीं मुलाचें काय झालें तें अवश्य कळवावें.